आषाढात बोट नको!

मैत्रिणींनो, माझं सासर कोरेगाव भीमाचं. इथं नदी ओलांडायची ती पुलावरून. त्यामुळे पाण्यावरच्या प्रवासाचं आमच्या शेजारणींना भारी नवल! माझं माहेर मात्र रेवसकडचं. मुंबईला मामाकडे जायचं तर लाँचनं, आणि उतरायचं भाऊच्या धक्क्यावर. हा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजेच ‘भाऊं’नी एकोणिसाव्या शतकात बांधला. पुढे १९०६ साली, स्वदेशीच्या दिवसांत, आपल्या लोकांची बोट कंपनी निघाली. तिला सगळे कौतुकानं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत.

पण माझ्या आजीचा एक कायदा होता. आषाढात बोट नको! आम्ही मुली हसायचो. कारण विचारलं, की ती एवढंच म्हणायची, “रामदास.”

तो दिवस १७ जुलै १९४७ चा. आषाढातली अमावस्या तोंडावर आलेली. घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि खवळलेल्या समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जमेल तेवढ्यांना वाचवलं. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. किनाऱ्यावरच्या बायकांना हे आयुष्यभर विसरता आलं नाही, हो.

आता पुष्कळ सुधारणा झाल्या. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते. मोटारीसकट तासाभरात पलीकडे! पण १८ डिसेंबर २०२४ ला ना आषाढ होता, ना वादळ. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जीव गेले.

आणि समुद्रच कशाला? आपली भीमाच पुढे उजनीच्या जलाशयाला मिळते. तिथं २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशीची बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहाजण बुडाले.

म्हणून आजीच्या कायद्यात मी थोडी भर घातली आहे. तुम्हीही लक्षात ठेवा. बोटीत बसल्याबरोबर प्रत्येकाच्या अंगात जाकीट, तेही बंद नीट आवळून. मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्यायचं, मोठ्यांचं ढगळ चालत नाही. गर्दी दिसली तर पुढची बोट. वारा सुटलाय आणि नावाडी “काही होत नाही, बसा” म्हणाला, तर सरळ उतरायचं. चार माणसं हसली तर हसू द्यावीत!

माझी नातवंडं कुरकुरतात, “आजी, यात फोटो चांगला येत नाही.” मी म्हणते, “काठावर उतरल्यावर काढू हं, हवे तेवढे!”