संगणकाची किंमत आणि त्याचे मोल : यवतमाळच्या छापखान्यातून पाहिलेली एक स्पर्धा

१/१२
अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळने १९७३ मध्ये पाहिले, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली, आणि २०१९ मध्येही पाहिले, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. पहिल्या वेळी मराठी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जाई. दुसऱ्या वेळी तो कोणत्याही मोबाइलवर लिहिता येत होता. या शेहेचाळीस वर्षांच्या मधल्या टप्प्यात तालुक्याच्या गावातील छापखानदारांपुढे एक प्रश्न उभा राहिला : संगणक घ्यायचा, पण कोणता? त्यांनी दिलेल्या उत्तराचा परिणाम आज इतिहासाच्या अभ्यासकाला भोगावा लागतो. तो कसा, हे या धाग्यात पाहू.

२/१२
यवतमाळला छापील शब्दाची परंपरा जुनी. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये ‘लोकमत’ हे पत्र इथेच सुरू केले. त्या काळी देवनागरी जुळवणे हे कष्टाचे काम होते. जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार यांमुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक प्रकारचे खिळे लागत. एखादा खिळा झिजला की नवा ओतून आणावा लागे. जुळाऱ्याचे कौशल्य बोटांत असे आणि ते यायला वर्षे लागत. म्हणून संगणक आला तेव्हा छापखान्यात त्याची तुलना दुसऱ्या संगणकाशी झाली नाही. ती शिशाच्या खिळ्यांशी आणि जुळाऱ्याच्या रोजाशी झाली. पुढचे सारे हिशेब या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात.

३/१२
दूर अमेरिकेत स्पर्धा आधीच सुरू झाली होती. आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये १,५६५ डॉलर या प्रारंभिक किमतीला आणला; त्यात स्मृती केवळ १६ किलोबाइट होती आणि पडद्याचे पैसे वेगळे होते. ॲपलचा मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये २,४९५ डॉलरला आला. त्याची स्मृती १२८ किलोबाइट होती आणि पडदा आतच बसवलेला होता. डॉलर तेव्हा अकरा-बारा रुपयांच्या घरात होता. म्हणजे आयात शुल्क बाजूला ठेवले, तरी मॅकिंटॉशची किंमत पंचवीस हजार रुपयांच्या वर जात होती. मात्र खोक्यावरची किंमत हा खर्चाचा एक भाग असतो, सगळा खर्च नव्हे.

४/१२
छापखान्याच्या दृष्टीने खरी घटना १९८५ मध्ये घडली. ॲपलचा लेझर प्रिंटर ६,९९५ डॉलरला आणि ऑल्डस कंपनीचे पेजमेकर ४९५ डॉलरला बाजारात आले. मॅकिंटॉश, प्रिंटर आणि पेजमेकर यांची बेरीज दहा हजार डॉलरच्या आसपास जाते. त्यात संगणकाचा वाटा पाव भागच. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’, म्हणजे आपल्याकडचे ‘डीटीपी’, इथून सुरू झाले. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, पेजमेकर विंडोजवर आले. पाने मांडण्याचे काम आता आयबीएमच्या वंशातील यंत्रांवरही होऊ लागले. मॅकची गुणवत्ता कमी झाली नव्हती. तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मात्र कमी झाले.

५/१२
आयबीएमच्या वंशातील यंत्रे स्वस्त का झाली? आयबीएमने आपले यंत्र बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधले होते आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली होती. स्वतःची म्हणावी अशी मुख्य गोष्ट बायोस ही होती. कॉम्पॅकने मूळ मजकुराची नक्कल न करता तसेच काम करणारे बायोस नव्याने लिहवून घेतले आणि १९८२ च्या अखेरीस आपले सुसंगत यंत्र जाहीर केले. पुढे फिनिक्ससारख्या कंपनीकडून असे बायोस विकतही मिळू लागले. मग कोणीही पीसी बांधू शकत होता. भारतीय बाजारातील ‘असेंबल्ड’ या शब्दाचे मूळ इथे आहे. मॅकिंटॉश मात्र ॲपलच्या हातातच राहिला.

६/१२
भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात आणि परवान्यांची बंधने सैल केली. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, ‘क्लास’ या शासकीय योजनेखाली देशातील सुमारे २५० शाळांत संगणक गेले. ते ना आयबीएमचे होते, ना ॲपलचे. ते होते ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. शिकवण्यासाठी ते उत्तम यंत्र होते. पण कार्यालयांत आणि बाजारात आयबीएम-सुसंगत पीसीच पसरले, आणि शाळेत शिकलेले यंत्र बाहेर कुठेच भेटेना. चांगले यंत्र एकाकी पडले की त्याचे मोल कसे घसरते, याचा हा आपल्याकडचा आरंभीचा धडा.

७/१२
आता मराठीचा प्रश्न. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांवर सुरू झालेले काम पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये बहरले आणि ‘जिस्ट’ कार्ड प्रसिद्धीस आले. हे कार्ड पीसीच्या आतल्या खाचेत बसवले की डॉसवरील डीबेससारख्या प्रणालीतही देवनागरी उमटे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक ठरले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कार्ड बसवायला मोकळी खाच लागते, आणि पीसी हे उघडून भर घालता येणारे यंत्र होते. मराठी त्याच दाराने आत आली.

८/१२
डीटीपीची वाट मात्र इस्कीच्या वाटेपासून फुटली. पेजमेकरला जोडाक्षरे घडवता येत नसत. म्हणून श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फाँट दिले. पडद्यावर सुबक मराठी दिसे. फाइलीत मात्र इंग्रजी चिन्हांची रांग साठे, आणि प्रत्येक कंपनीची रांग निराळी. अशा प्रणालींसोबत पीसीच्या मागे लावायचे ‘लॉक’ येई. ते नसेल तर प्रणाली चालत नसे. विंडोज आणि पेजमेकरच्या फुकट प्रती अनेक ठिकाणी हातोहात फिरत असताना, मराठी लिहिण्याचे पैसे मात्र रोख मोजावे लागत. स्वस्त पीसीच्या हिशेबातील ही सर्वांत प्रामाणिक नोंद म्हणावी लागेल.

९/१२
यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्हा येथील डीटीपी केंद्राच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका ही रोजची कामे. यंत्र बिघडले तर सुटा भाग नागपूरहून येणार. अंतर यवतमाळपासूनच सुमारे १५० किलोमीटर. भारनियमनाच्या तासांसाठी बॅटरी आणि यूपीएसचा खर्च वेगळा. लग्नसराईत दोन दिवस यंत्र बंद म्हणजे मोसमाची कमाई गेली. अशा ठिकाणी, शेजारच्या गल्लीतला मुलगा जे यंत्र उघडून दुरुस्त करू शकतो आणि ज्याची फाइल पलीकडच्या छापखान्यात उघडते, तेच यंत्र खरे मोलाचे. मोठ्या शहरांतील जाहिरात संस्थांना मॅक परवडला, कारण त्यांच्याभोवती मॅक जाणणारी माणसे होती. दोघांचेही हिशेब आपापल्या जागी बरोबर होते.

१०/१२
२००५ मध्ये ही तुलना आणखी टोकदार झाली. एचसीएलने लिनक्सवर चालणारा पीसी ९,९९० रुपयांना आणला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या स्वस्त पीसींसाठी विंडोज एक्सपीची ‘स्टार्टर’ आवृत्ती हिंदीत आणली. तीत एका वेळी तीनच प्रणाली उघडता येत. २००५-०६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा आधारभूत भाव क्विंटलला १,९८० रुपये होता. म्हणजे तो सर्वांत स्वस्त पीसी पाच क्विंटल कापसाचा. कोरडवाहू दोनेक एकरांचे जेमतेम उत्पन्न, तेही लागवडीचा खर्च न वजा करता. शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशभर चर्चेत असण्याचा तो काळ. ज्या घरात एकदाच खरेदी होणार, त्या घराला निवड चुकवण्याची मुभा नव्हती. आणि २००२ पासून गावोगावी पोचलेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम विंडोज आणि ऑफिसवर बेतलेला होता. नोकरीच्या अर्जासाठी जे प्रमाणपत्र हवे, त्याचा सराव लिनक्सच्या यंत्रावर कसा करायचा? स्वस्त यंत्र त्या घराला महाग पडण्याची शक्यता होती.

११/१२
आता शेवटचा हिशेब, जो खरेदीच्या वेळी कोणीच मांडला नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली होती आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. विंडोज २००० पासून ती सामान्य पीसीवर चालू लागली. पण छापखान्यांत पेजमेकर आणि जुने फाँट पुढेही कित्येक वर्षे राहिले, कारण कामे त्यांवर होत होती आणि पैसे देऊन झाले होते. परिणाम असा, की त्या काळातील एखाद्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची फाइल आज उघडली तर मराठीच्या जागी अर्थहीन इंग्रजी चिन्हे दिसतात. शोध घेता येत नाही. कोणता फाँट वापरला होता हे कळले, तरच रूपांतर शक्य होते. १९१८ सालचा कागद जपला असेल तर तो आजही सरळ वाचता येतो. १९९८ सालची फाइल वाचता येईलच असे नाही.

१२/१२
त्या छापखानदारांनी चूक केली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या समोरच्या पर्यायांत मराठी सुबक छापणारा आणि गावात दुरुस्त होणारा पर्याय त्यांनी निवडला, आणि त्यामुळेच जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातील संस्थांचा, गावांचा, माणसांचा इतिहास प्रथमच एवढ्या विपुलतेने छापला गेला. मात्र मजकूर किती वर्षे वाचता येईल, हा रकाना त्या तुलनेच्या तक्त्यात नव्हता. तो आता आपल्याला भरायचा आहे. आपल्या गावात जुने डीटीपी केंद्र असेल, तर तिथल्या सीडी आणि हार्ड डिस्क रद्दीत जाण्यापूर्वी एकदा विचारून पाहा. फाइलीसोबत तिचा फाँट आणि प्रणालीचे नाव टिपून घ्या. छापील प्रत मिळाली तर ती स्कॅन करून ठेवा. स्थानिक इतिहासाची साधने पुष्कळदा दप्तरखान्यात नसतात; ती कोणाच्या तरी माळ्यावर, बंद पडलेल्या सीपीयूच्या पोटात असतात.