ऑक्सफर्डचा शंकासुर

टॅप हा संगणक-प्रोग्राम कुणावर खूश झालाय असं कधी ऐकलं नाही. थेरप्युटिक अँटिबॉडी प्रोफायलर हे त्याचं पाळण्यातलं नाव. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या शार्लट डीन यांच्या गटाने 2019 साली शोधनिबंध लिहून त्याला चारचौघांत आणलं. तेव्हापासून त्याचा एकच उद्योग: औषध होऊ पाहणाऱ्या अँटिबॉडीवर शंका घ्यायची.

अँटिबॉडी आपल्या लक्ष्याला घट्ट धरते म्हटलं की शोधणारे हुरळतात. टॅपला त्याचं सोयरसुतक नाही. ती कशाला धरते हेही तो विचारत नाही. तिच्या जड आणि हलक्या साखळीच्या टोकांकडचा अमिनो आम्लांचा क्रम द्या, तेवढ्यावरून तो तिची त्रिमितीय आकृती उभी करतो. मग पाच चौकश्या सुरू. पकड घेणारे सहाही लूप मिळून लांबी किती? पाण्याशी फटकून वागणारे भाग एकाच जागी गोळा झालेत का? धन प्रभार एकवटलाय? ऋण? आणि दोन साखळ्यांचे प्रभार एकमेकांच्या उलट तर नाहीत? ही शेवटची चौकशी वरवर किरकोळ वाटते. पण उलट प्रभारांमुळे रेणू एकमेकांना ओढू लागले की द्रव दाट होतो, आणि त्वचेखाली टोचायचं औषध सुईतून पुढे सरकत नाही.

उत्तर तो बावट्यांनी देतो. मानवी चाचण्यांचा पहिला टप्पा ओलांडलेल्या अँटिबॉडीज हे त्याचे वाडवडील. त्यांच्या अगदी कडेच्या 5 टक्क्यांत पडलात तर पिवळा बावटा, त्यांच्यात कधीच न दिसलेला आकडा घेऊन आलात तर लाल.

मेडी-1912 या अँटिबॉडीवर त्याने असाच लाल बावटा धरला होता. वेदनेशी निगडित नर्व्ह ग्रोथ फॅक्टरवर तिची पकड जबरदस्त. पण ती स्वतःच्याच भाऊबंदांना चिकटायची आणि उंदीर-माकडांच्या रक्तातून लवकर नाहीशी व्हायची. मेडइम्यूनच्या शास्त्रज्ञांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीने दोषाची जागा हुडकली आणि ट्रिप्टोफॅन, फिनाइलअ‍ॅलनिन, ल्युसिन ही तीन पाणीद्वेष्टी अमिनो आम्लं बदलली. खोड गेली, पकड राहिली. हे सगळं टॅपच्या जन्माआधीचं. पुढे दोन्ही रूपं त्याच्यासमोर ठेवली, तर पहिल्यावर लाल, दुरुस्त केलेल्यावर नाही. प्रयोगशाळेने घाम गाळून काढलेला दोष त्याने नुसत्या क्रमावरून ओळखला, हे कबूल करायला हवं.

पण त्याला दिसत नाही तेही कमी नाही. रुग्णाचं शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडीज तयार करील का, हा प्रश्न त्याच्या पाचांत नाहीच. कोलेस्टेरॉलवरचं बोकोसिझुमॅब हे अँटिबॉडी-औषध फायझरने 2016 मध्ये थांबवलं, त्याचं एक मोठं कारण नेमकं हे होतं. तोवर या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांत 27 हजारांहून अधिक माणसं सामील झाली होती. शिवाय टॅपचे नियम पहिला टप्पा ओलांडलेल्यांवरूनच आखलेले, म्हणून त्या यादीतल्या कुणाला लाल बावटा मिळणं शक्यच नाही! हा न्याय थोडा घरचाच झाला.

तरी त्याच्यात आडमुठेपणा नाही. नव्या अँटिबॉडीज चाचण्यांत पुढे गेल्या की त्याची यादी वाढते आणि हद्दी पुन्हा आखल्या जातात. तेव्हा त्याने लाल दाखवला म्हणून रेणू टाकून देऊ नका, आधी प्रयोगशाळेत तपासा. आणि बावटा दिसला नाही म्हणून पेढेही वाटू नका.