मोठा कांदा पातीत असतो

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत, पावशेराच्या वरचा कांदा निघाला की कुंपणापलीकडून विचारणा होते, "कोणतं खत टाकलं हो कांद्याले?" यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या काळ्या मातीत कापूस नि सोयाबीन वाढवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. माझं उत्तर मात्र कुणाला पटत नाही. मी म्हणतो, खताचं मागून बघू, आधी रोप कधी लावलं ते सांगा. कांदा किती मोठा व्हायचा हे तो फुगायला लागायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

एक कांदा आडवा चिरून पाहा. त्यातले बहुतेक पापुद्रे म्हणजे पानांची फुगलेली बुडं. जेवढी पानं, तेवढे पापुद्रे. पान जेवढं जोमदार, तेवढा पापुद्रा जाड. दिवस लांबू लागले, ऊन तापू लागलं, की झाड नवी पात काढायचं थांबवतं आणि आहे त्या पानांच्या बुडाशी साठा करू लागतं. त्यानंतर युरिया ओतला तर मान तेवढी जाड होते, आणि जाड मानेचा कांदा सडायला वेळ लागत नाही. म्हणून मी पुनर्लागणीनंतर दीड महिन्याच्या पुढे नत्र देतच नाही. जे द्यायचं ते पात वाढत असताना.

इंग्लंडमधल्या हॅरोगेटच्या प्रदर्शनात २०२३ साली ८.९७ किलोचा कांदा विक्रमी ठरला. असे आकडे वाचले की तिकडचं बी मागवायचा मोह होतो. पण त्या जातींना फुगण्यासाठी चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. दिग्रस विसाव्या अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच मावळतो. ते बी इथे रुजेल, पात देईल, पण कांदा धरणार नाही. आपल्या जातींना अकरा-बारा तास पुरतात. त्यातच फेब्रुवारीत ऊन चढलं की त्या आणखी घाई करतात. म्हणजे पात वाढवायला आपल्या हाती दिवाळी ते संक्रांत एवढेच थंडीचे आठवडे. ते आठवडे रोपाने गादीवाफ्यात काढले, तर कांदा लहानच राहणार.

म्हणून मी गणपती उठले की बी टाकतो. शेतकऱ्यांच्या भाषेत हा रांगडा हंगाम. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची 'भीमा शक्ती' रांगड्याला आणि रब्बीलाही चालते. विदर्भाला पांढऱ्या कांद्याची गोडी. त्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची 'अकोला सफेद' आहे, पण ती रब्बीत. बी त्याच वर्षीचं हवं. कांद्याचं बी वर्षभरातच दम सोडतं, डब्यात जपून ठेवलेलं जुनं बी अर्धंही उगवत नाही. काळी माती पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. म्हणून वाफा वीतभर उंच करायचा, त्यात कुजलेलं शेणखत आणि रेती मिसळायची. बी सेंटिमीटरभर खोल, ओळीत. कोंब आधी वाकून वर येतो आणि मग सरळ होतो. त्या दिवसांत मातीवर पापडी धरू द्यायची नाही. दीड महिन्याने, दिवाळीच्या सुमारास, रोपं वाफ्यात लावायची. मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. जमीन भेगाळली तर ती तुटतात, म्हणून पाणी थोडं पण वरचेवर.

बियाशिवाय दुसरी वाट आहे लहान गाठींची. जानेवारीच्या शेवटी बी दाट फेकायचं, रोप उपटायचंच नाही. दाटीमुळे एप्रिल-मेपर्यंत बोराएवढे कांदे तयार होतात. ते पातीसकट वाळवून, जुड्या बांधून वाऱ्याच्या जागी टांगायचे आणि पोळ्याच्या आसपास लावायचे. खरिपात पावसाच्या माऱ्याने कोवळं रोप बसून जातं, तिथे ही गाठ तग धरते. 'बसवंत ७८०' किंवा 'भीमा डार्क रेड' या कामाला चांगल्या. मात्र गाठ दीड ते दोन सेंटिमीटरचीच हवी. मोठी निवडली तर ती फुटून जोडकांदा होतो, नाहीतर डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, काढते.

या डेंगळ्याच्या बाबतीत आपला उन्हाळा कामी येतो. कांदा दोन वर्षांचं झाड. थंडी अनुभवली की त्याला फुलोऱ्याची आठवण होते. थंड देशांत गाठी आठ-दहा अंशांत राहिल्या तर लावल्यावर डेंगळे येतात, म्हणून तिथले विक्रेते गाठींना मुद्दाम ऊब देऊन विकतात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिना ते काम फुकट करतो. ज्या उन्हाला आपण फेब्रुवारीत शिव्या घालतो, तेच मे महिन्यात टांगलेल्या जुड्यांची राखण करतं. जपायचं ते पावसाळी ओलीपासून. रांगड्याचा हिशेब उलटा: तो ऐन थंडीत उभा असतो, त्यामुळे काही झाडं डेंगळे काढतातच. डेंगळा दिसला की तो कांदा त्याच आठवड्यात चून-भाकरीसोबत संपवायचा, तो साठवणुकीचा नाही.

निम्म्या झाडांच्या माना पडल्या की काढणी. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. काढलेला कांदा दोन-तीन दिवस त्याच्याच पातीखाली झाकून सुकू द्यायचा, मग इंचभर मान ठेवून पात कापायची.

आता कुणी आवर्जून सांगत नाही ती गोष्ट. मोठा कांदा टिकत नाही. त्यात पाणी जास्त, त्याला कोंब लवकर. आषाढातल्या कांदेनवमीला घरच्या कांद्याची भजी तळायची असतील, तर रब्बीचे मध्यम, बारीक मानेचे कांदेच तोवर पोहोचतात. मोठ्यासाठी रोपांत वीतभर अंतर लागतं, मध्यमसाठी पाच बोटं पुरतात, आणि तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त कांदे निघतात. म्हणून माझ्या वाफ्याची एक कड हौसेची, बाकी वाफा घरखर्चाचा. ज्याच्याकडे एकच लहानसा वाफा आहे, त्याने पाच बोटांवरच लावावं. हौस पुढच्या वर्षी करता येते. घरात पावसाळ्यात कांदा लागतोच.