पथ्याचे खाते

व्यापारी घरातील पुरुषाला ‘जरा कमी खा’ असे सांगणे म्हणजे त्याच्याच गादीवर बसून त्याच्या मालाला नावे ठेवण्यासारखे आहे. तो शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतो. आमचे हे 52 वर्षांचे. राहणे उस्मानपुऱ्यात, कापडाचे दुकान गुलमंडीवर. सकाळी साडेनऊला शटर उघडते, रात्री नऊला बंद होते आणि मधला सारा वेळ गादीवर जातो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर रक्त तपासले, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 8.2 आला. 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात. माझ्या सासऱ्यांचा डावा पाय याच आजारात गुडघ्याखाली काढावा लागला होता, त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. तरीही हे म्हणाले, “आपण शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण नाही, कसले व्यसन नाही. आपल्याला काय होणार?”

हा समज आपल्या समाजात फार खोल रुजलेला आहे. साखर शाकाहारी आहे, मैदा शाकाहारी आहे, कढईतले तेलही शाकाहारीच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांत आपण नसू असे मानायला काहीच आधार नाही. उलट आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून त्या दिवशी गट्टे, कढी, पापडाची भाजी, शेव. ताटात बेसन आणि तेल यांखेरीज दुसरे काही उरत नाही. तिथी पाळणे हा संयम आहे. त्या दिवशी तळण वाढवावे असे मात्र कोणत्याही महाराजसाहेबांनी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

उपदेशाचा उपयोग होत नाही हे दिसल्यावर मी हिशेबाची वाट धरली. गुलमंडीवरच्या दुकानात गिऱ्हाईक आले की चहा, कमिशन एजंट आला की चहा, शेजारचे शेठ सहज डोकावले तरी चहा. दुकानातल्या मुलाला सांगून आठ दिवस ह्यांच्या कपांची नोंद ठेवायला लावली. सरासरी दिवसाला 11 अर्धे कप निघाले. प्रत्येकात एक चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम साखर. दिवसाचे 55 ग्रॅम, 26 दिवसांच्या महिन्याचे जवळजवळ दीड किलो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 ग्रॅमपर्यंतच ठेवावी असे सांगते. मी तराजूवर दीड किलो साखर तोलली, पिशवीत भरली आणि रात्री रोकड लिहायला बसले तेव्हा वहीशेजारी ठेवली. काही बोलले नाही. ह्यांनी पिशवी हातात घेऊन वजन पाहिले, ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाले, “वर्षाचे अठरा किलो झाले.” दुसऱ्या दिवसापासून दुकानात बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये जाऊ लागला. आता दिवसाला तीन कप होतात. शेजारचे शेठही त्याच थर्मासमधून घेतात, तोंड वाकडे करून का होईना.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न अधिक अवघड होता. सासूबाई आणि मी चोविहार करतो, पण हे दुकान वाढवून घरी येईपर्यंत साडेनऊ होतात आणि दहाला पोटभर जेवून लगेच झोप. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली परंपरा गादीवर बसणाऱ्या पुरुषांपर्यंत पोहोचतच नाही, ही खरी अडचण आहे. मग आम्ही डबा पाठवू लागलो. हिवाळ्यात साडेपाचला, उन्हाळ्यात साडेसहाला. मागच्या माडीवर कापडाच्या गाठींमध्ये बसून जेवायचे, म्हणून पहिल्या आठवड्यात हे कुरकुरले. पण रात्रीची जळजळ थांबली, तशी कुरकूरही थांबली.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या यादीत मोड आलेली कडधान्ये, गाजर, बीट होते. आमच्या घरी यांतले काहीच चालत नाही. मी यादी परत नेली आणि आपले नियम नीट सांगितले. त्या चिडल्या नाहीत. उकडलेले मूग, तव्यावरचा मुगाचा चिला, काकडी, दुधी, दोडका अशी दुसरी यादी करून दिली. मैत्रिणींना माझे सांगणे एवढेच की पथ्य नियमांत बसत नाही म्हणून पथ्यच सोडू नये. डॉक्टरांसमोर आपले नियम उघड मांडावेत. फुलक्याऐवजी ज्वारीची भाकरी आली तेव्हा मात्र घरात वादळ झाले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, “माझ्या मुलाला कोरडे घालता.” फुलक्यावर तूप सोडणे ही त्यांची माया होती आणि मायेशी भांडता येत नाही. मी तुपाचे भांडे त्यांच्याच ताब्यात दिले, सोबत एक छोटा चमचा. दिवसाला एक चमचा तूप, तेही त्यांच्याच हाताने वाढलेले. आता दुसरा चमचा मागितला की त्याच नाही म्हणतात, माझ्याहून कडकपणे.

ऊनोदरी हे आपल्या बारा तपांतले दुसरे बाह्य तप. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घासांचा मानून त्याहून कमी खाणे, इतका नेमका हिशेब त्यात आहे. उपवासाला आपल्याकडे मिरवणूक निघते, ऊनोदरीला कोणी श्रीफळही देत नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, 55 मिनिटांच्या आत जेवण आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे ही पद्धत महाराष्ट्रभर नेली. सर्व आहारतज्ज्ञांना ती मान्य नाही. पण ह्यांना ती ऐकताच ओळखीची वाटली. “हे तर बियासणे,” म्हणाले.

चालणे सर्वांत शेवटी जमले. पावणेसहाला निघून संत एकनाथ रंगमंदिरावरून क्रांती चौकात महाराजांच्या पुतळ्यापर्यंत आणि परत, मग गल्लीत आणखी फेऱ्या. पहिले पंधरा दिवस मी सोबत गेले. वेळ नाही ही तक्रार होती, तेव्हा एवढेच म्हटले की सामायिकाला 48 मिनिटे मिळतात, तर 45 मिनिटे यालाही मिळतील. दोन्हींची तुलना करू नये म्हणून ह्यांनी मला सुनावले आणि बूट घातले.

यंदा पर्युषणात ह्यांनी अठाई करायची ठरवली होती. तीन वर्षांपूर्वी केली होती, पण तेव्हा गोळ्या सुरू नव्हत्या. काही गोळ्या घेत असताना उपाशी राहिले तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते, माणूस बेशुद्धही पडतो. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटले, कारण तपाचा त्यांचा भाव खरा होता. पण मी मागे हटले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून दिल्या आणि ह्यांनी स्थानकात आठ दिवस बियासण्याचे पचक्खाण घेतले. घरी साखर तपासण्याचे यंत्र सकाळ-संध्याकाळ चालू होते. सातव्या दिवशी सायंकाळी आकडा 74 आला. 70 च्या खाली गेला की पचक्खाण सोडायचे, हे आधीच ठरले होते. सूर्यास्ताला वीस मिनिटे होती आणि दुसऱ्या वेळचे जेवण अजून व्हायचे होते. सासूबाईंनी ताट लगेच वाढले, भाकरीवर तुपाचा चमचा सोडला आणि हे मुकाट्याने जेवायला बसले.

गेल्या महिन्यातल्या तपासणीत 8.2 चा आकडा 7.1 झाला आहे. डॉक्टरांना तो 7 च्या आत हवा आहे. पुढची तपासणी माघात.