अपडेट पाहिजे, पण आपल्या वेळेला

मालाडला मार्व्याकडं आमची भाजीची वाडी. काल मोबाईलच्या हॉटस्पॉटवर वाशीचे बाजारभाव बघत होतो, तेवढ्यात लॅपटॉपनं न विचारता अपडेट ओढलं अन् दिवसाचा डेटा संपला. भाव राहिले बाजूला.

अपडेट कायमचं बंद करू नका, त्यात सुरक्षेची दुरुस्ती असते. पण पाऊस हवा असला तरी भातझोडणीच्या दिवशी नको ना!

विंडोज 10 किंवा 11 मध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' करा. बहुतेक अपडेट थांबतात. ब्राउझर मी फायरफॉक्स घेतलाय. लॅपटॉपवर त्याला 'विचारून अपडेट कर' असं सांगता येतं. मग रविवारी घरच्या वायफायवर सगळं उरकायचं.

तुम्ही कोणता ब्राउझर वापरता?