कर्तव्याची घाई

शेलूबाजारहून मुंबईचा समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. गावातील एका घरी ख्रिस्तयागासाठी जमलेल्या मोजक्या कुटुंबांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नव्हता. म्हणून संत मार्कच्या शुभवर्तमानातील वादळावर प्रवचन करताना आम्ही कॅप्टन राधिका मेनन यांची हकिकत सांगितली.

जून २०१५. बंगालच्या उपसागरात, ओडिशातील गोपाळपूरजवळ ‘दुर्गम्मा’ ही मासेमारी नौका इंजिन बंद पडून व नांगर गमावून भरकटत होती. आत सात कोळी. सर्वांत धाकटा १५ वर्षांचा. अन्नपाणी वाहून गेलेले, मासे टिकविण्यासाठी नेलेल्या बर्फावर त्यांनी जीव जगविलेला. मुंबईच्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजावरून ती नौका दिसली. वारा ताशी शंभर किलोमीटरांहून वेगवान, लाटा २५ फुटांहून उंच. तेलवाहू जहाज काही बैलजोडीसारखे हाकेसरशी थांबत नाही. तरीही कॅप्टन मेनन यांनी ते वळविले. तीन वेळा प्रयत्न करावा लागला, तेव्हा कुठे सातही जण दोरशिडीवरून सुखरूप वर आले.

या कामगिरीबद्दल २०१६ साली लंडन येथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्यांना असामान्य शौर्याचा पुरस्कार दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच महिला. आपण केवळ कर्तव्य केले, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ख्रिस्तयाग आटोपल्यावर एका वृद्ध बाईंनी विचारले, “फादर, त्या तशाच पुढं गेल्या असत्या, तर कुणाला कळलं असतं?”

आम्ही गप्प झालो. गावाजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. एका रविवारी पहाटे त्याच मार्गावर आम्हांला एक उलटलेली मोटार दिसली होती. ख्रिस्तयागाला उशीर होत होता. मागून येणारे कुणी थांबेल, असे मनाशी म्हणत आम्ही गाडी पुढे काढली. आम्हीही कर्तव्याचीच घाई केली होती! परतताना तेथे फक्त काचांचा चुरा होता. आत कोण होते, ते वाचले काय, हे आजवर आम्हांला ठाऊक नाही. दयाळू शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तात बाजूने निघून जाणारा पहिला मनुष्य याजकच आहे. तेवढा भाग आम्ही प्रवचनात थोडक्यात उरकतो. पापनिवेदनात ही गोष्ट आम्ही उच्चारली होती, त्याबाहेर कधीच नाही.

“नसतं कळलं, मावशी,” आम्ही म्हणालो, आणि त्या मोटारीची हकिकत त्यांना सांगू लागलो. त्या उंबऱ्यावर बसून ऐकत राहिल्या.