किडे पापाचे नव्हेत, माशीचे

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे भांडणात बाया शाप देतात, "तुझ्या अंगात किडे पडतील!" म्हणून कुणाच्या जखमेत खरेच अळ्या झाल्या, की लोक आधी त्याचे पाप शोधतात. माझ्या आजीच्या पायाला असे झाले तेव्हा शेजारणी उंबरठ्यावर येईनात. आई म्हणाली, "बैलाच्या खांद्यातही अळ्या पडतात. त्याने कोणते पाप केले?"

खरे कारण माशी. ती उघड्या जखमेच्या कडेला एका वेळी पुष्कळ अंडी घालते. दिवसभरात अळ्या निघून जिवंत मांस खातात. कुष्ठरोग्याला वेदना कळत नाही, म्हणून त्याचे हाल जास्त. वरोऱ्यात गटाराकाठी असाच पडलेला तुळशीराम पाहून बाबा आमटे आधी भ्याले, मग परतून त्याची सेवा केली. पुढे आनंदवन उभे राहिले.

तथागतांनीही घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला स्वहस्ते धुतले होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांकडून धम्म घेणाऱ्यांच्या लेकरांनी कार्यकारणभाव विसरू नये. जखम धुवा, झाका, रोग्याला दवाखान्यात न्या, जनावराला गुरांच्या डॉक्टरकडे. रॉकेल ओतू नका. आणि तो शाप आपल्या घरातून कायमचा हद्दपार करा.